चार फूट जास्तीचा अर्ज

अमेरिकेतल्या गावांत जमिनीच्या वापराचे नियम सांभाळणारं एक मंडळ असतं. दुकानदाराला ठरल्यापेक्षा चार फूट मोठी पाटी लावायची असली की त्यानं मंडळाकडं अर्ज करायचा, शेजाऱ्यांना नोटिसा जायच्या आणि मग एका संध्याकाळी सगळ्यांनी गंभीर चेहऱ्यानं बसून ठरवायचं की या गृहस्थाला चार फूट द्यायचे का नाही. नांदेडच्या आयटीआय चौकात उभं राहून कुणाला हे सांगितलं, तर तो विचारेल, ‘लावायच्या आधी विचारतात?’

आपल्याकडं नियम नाहीत असं मात्र नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम २४४ प्रमाणं आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय आकाशचिन्ह उभारता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी ती फार तर दोन वर्षांची. जाहिरातीसाठी सोडलेला फुगासुद्धा आकाशचिन्हात मोडतो. म्हणजे नांदेड काय नि लातूर काय, फुगा सोडायलाही आयुक्तांची सही हवी. भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भाऊ, भाऊंचे नेते, नेत्यांचे नेते आणि खाली टपाल तिकिटाएवढे पंचवीस शुभेच्छुक असतात. सही तेवढी दिसत नाही.

तरी समजा, तसली सुनावणी लातुरात झाली. अर्जदार अर्थातच ट्यूशन एरियातले कुणी सर असणार. तिकडच्या मंडळापुढं नुसतं ‘मोठी हवी’ म्हणून भागत नाही, खरी अडचण दाखवावी लागते. सरांची अडचण तयार आहे : ‘साहेब, मागच्या साली निकाल बेताचा होता, फोटो मावले. यंदा निकाल वाढला, बोर्ड तेवढाच. पोरं कुठं लावू?’ समोरच्या मेसवाल्या काकूंची हरकत : ‘सरांच्या बोर्डामागं माझी पाटी गेली. पोरं भुकेली येतात आन् शेजारच्या मेसमध्ये जेवून जातात.’ फ्लेक्स छापणारा दोन्हीकडून बोलणार, कारण त्याचा भाव चौरस फुटावर. पलीकडच्या क्लासचे सर म्हणणार, यादीतला पहिला मुलगा तर आमचा. तो मुलगा दोन्ही बोर्डांवर सारखाच हसतोय. यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या : निकाल लागल्यावर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचा फोटो जाहिरातीत वापरायचा नाही. एवढं पाळलं तरी पुष्कळ बोर्ड आपोआप आखूड होतील.

अक्षरांच्या बाबतीत आपण भलतेच काटेकोर. २०२२ च्या दुरुस्तीनं दुकानांच्या कायद्यात कलम आलं की पाटीवर देवनागरीतली मराठी हवीच आणि ती दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ सप्टेंबर २०२३ ला न्यायालयानं दोन महिन्यांत पाट्या बदला म्हणून सांगितलं. नांदेडात गुरुद्वाऱ्याच्या आसपास गुरुमुखीशेजारी देवनागरी नांदतेच आहे, तिथं कुणाचं काही अडलं नाही. पण गंमत बघा, अक्षराचं माप दिल्लीपर्यंत गेलं आणि चौकातल्या फ्लेक्सचं माप चौकातच राहिलं.

ही मापं खरोखर लागतात कुणाला? लातूरची गंजगोलाई घ्या. १९१७ सालचं बांधकाम, नगररचनाकार फैयाजुद्दीन, मधोमध जगदंबेचं मंदिर आणि भोवती सोळा रस्ते. सोन्याचे दुकानदार एकीकडं, चपलांचे दुसरीकडं. इथं पाटी वाचून सोनं घेणारा लातूरकर अजून जन्मायचा आहे. तो आजोबांच्या दुकानदाराच्या नातवाकडं जातो आणि आधी चहा घेतो. माझं तर मत असं झालंय की ज्याला लोक ओळखतात त्याला पाटी लहान पुरते, आणि भाऊंना चाळीस फूट लागतात याचा अर्थ भाऊंनी समजून घ्यावा.

भाऊंना समजो न समजो, वाऱ्याला ते कळतं. घाटकोपरला १३ मे २०२४ ला वादळात पडलेलं होर्डिंग १२० फूट लांब आणि तेवढंच उंच होतं. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. परवानगी रेल्वे पोलिसांच्या जागेवरची, म्हणून ही मर्यादा तिथं विचारायची कुणी? सतरा माणसं गेली. आपल्याकडंही वैशाखात वळवाचा वारा सुटला की पहिल्यांदा फ्लेक्स फाटतात, मग सांगाडे हलतात, आणि खाली रसवंतीशी माणसं उभी असतात. चार फुटांसाठी भरलेली ती संध्याकाळची सभा तेव्हा फारशी हास्यास्पद वाटत नाही.

असली सभा आपल्याकडं भरेल तेव्हा भरेल. तोवर गच्चीवर होर्डिंगसाठी कुणी भाडं देऊ केलं, तर भाड्याचा आकडा ऐकण्याआधी सांगाड्याच्या मजबुतीचा इंजिनिअरचा दाखला मागा, आणि तो किती सालचा आहे तेही बघा.