जावई गाडी बनवून राहिले

कॉव्हेंट्री, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,


कुकर लावलाय, शिट्टी होईपर्यंत लिहायला बसले. मध्येच उठले तर समजून घ्या.

आधी आईच्या काल रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, जावयांची नोकरी गेलेली नाही. पगार वेळेवर होतो. ईशाननं व्हिडिओ कॉलवर फोन फिरवला आणि नलूकाकूंना बिनदाराची, बिनटपाची गाडी अन् तिच्याखालून बाहेर आलेले जावयांचे पाय दिसले, एवढंच झालं. त्याचं संध्याकाळपर्यंत अकोल्याच्या अख्ख्या जठारपेठेत "ते आता तिकडे गॅरेजात लागले" असं कसं झालं, ते काकूच जाणोत. हे शनिवार-रविवारी शेडमध्ये गाडी बनवून राहिले. हौस म्हणून. काकूंना हौस हा शब्द पटणार नाही, तेव्हा "ऑफिसचंच काम आहे" म्हणून सांगा.

बाबांनी विचारलं की गाडी घरी बनवता येते का. इथे येते. सांगाडा आणि बॉडीचे भाग खोक्यांतून येतात, आणि इंजिन, गिअरबॉक्स वगैरे यांनी एक जुनी माझदा घेऊन तिच्यातून काढलं. हा नाद इथे जुना आहे. कॉलिन चॅपमन नावाच्या माणसानं १९५७ मध्ये लोटस सेव्हन काढली. तयार गाडी घेतली तर त्यावर खरेदीकर भरावा लागे, सुटे भाग घेतले तर तो वाचे. मग लोक भागच विकत घेत आणि घरी जोडत. भागांसोबत जोडणीची माहिती द्यायची नाही अशी अट होती, म्हणून कंपनी गाडी खोलायची कशी ते छापून द्यायची आणि गिऱ्हाईक ते उलटं वाचायचं, असं इथले लोक रंगवून सांगतात. खरं असो की नसो, हे ऐकून आपल्या पप्पूला चॅपमन मूर्तिजापूरचाच वाटेल. १९७३ ला कर बदलला, सवलत गेली. त्याच वर्षी लोटसनं सेव्हनचे हक्क केटरहॅमवाल्यांना देऊन टाकले. कर गेला, खाज राहिली.

आता त्या परीक्षेचं सांगते, कारण आमच्या घरात सध्या तोच एक विषय आहे. घरी बनवलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आयव्हीए नावाची सरकारी तपासणी पास करावी लागते. फी साडेचारशे पौंड! रुपयांत करू नका म्हटलं तरी तुम्ही करणारच, म्हणून मीच सांगते, पन्नास हजारांच्या घरात. नापास झालात तर फेरतपासणीचे नव्वद वेगळे. एवढ्यात आपल्या सुधामावशीनं साखरपुडा उरकला असता.

बरं, पैसे घेऊन तपासतात काय? ब्रेक, दिवे, धूर, आवाज, आरसे हे समजू शकते. पण खरी दहशत आहे ती कडांची. गाडीच्या बाहेरच्या अंगाला माणसाला लागेल अशी धारदार कड नको, कडेची गोलाई निदान अडीच मिलिमीटर पाहिजे. कोणती कड लागेल आणि कोणती नाही, हे ठरवायला शंभर मिलिमीटर व्यासाचा गोळा असतो. गोळा जिथे टेकतो ती कड तपासायची, जिथे आत जात नाही तिथली माफ. आमच्या शेडमध्येही तसा एक गोळा आलाय. जेवण झालं की हे तो घेऊन गाडीभोवती फिरतात, मुक्ता टॉर्च धरते. परवा तो गोळा माझ्या गॅसच्या शेगडीवरून फिरवून "ही पास होणार नाही" म्हणाले. मी म्हटलं, शेगडी नापास तर स्वयंपाकही नापास, बाहेर जेवा.

कड गोल होत नसेल तर तिच्यावर रबराची पट्टी बसवतात, नटांवर प्लॅस्टिकच्या टोप्या चढवतात. आणि गंमत ऐका, कित्येक लोक पास झाल्यावर घरी येऊन त्या पट्ट्या-टोप्या काढून ठेवतात म्हणे. मला फार बरं वाटलं. हेल्मेट चौकापुरतं घालणारे फक्त अमरावतीच्या राजकमल चौकातच आहेत असं नाही.

चिडचिड करते खरी, पण एक सांगते. एका साध्या माणसानं शेडमध्ये गाडी बनवली तर तिला दार उघडं ठेवणारा कायदा मला आवडला. बाबा, तुम्ही सांगलीकडच्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांचं कात्रण पाठवलं होतं ना? भंगारातून गाडी केली, किक मारून सुरू होणारी. आनंद महिंद्रांनी त्यांना बदल्यात बोलेरो दिली, २०२२ च्या जानेवारीत. पण अशी गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, हेही महिंद्रांनीच लिहिलं होतं. लोहारांना साडेचारशे पौंडांची का होईना, एखादी परीक्षा द्यायला मिळायला पाहिजे होती, असं माझं मत.

शिट्टी झाली. उठून आले.

तर रंग. यांना आधी रंग मग तपासणी पाहिजे, मी म्हणते आधी तपासणी. तपासणीवाल्या साहेबांनी एखादी कड घासायला लावली तर ताज्या रंगावर पॉलिश पेपर फिरवायचा का? हे पटलंय, पण कबूल करत नाहीत. घरी गन मारायचीही सोय नाही. गाडीच्या टिकाऊ रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसात गेलं तर कायमचा दमा होऊ शकतो, साध्या मास्कनं भागत नाही, बाहेरून हवा येणारा मुखवटा लागतो. म्हणून रंग पेंटरकडे. त्यानं सांगितलेला आकडा मी इथे लिहीत नाही, बाबांचं बीपी आहे. "घासून-पुसून तयार आणा, कमी करतो" म्हणाला, आणि तेव्हापासून अख्खं घर घासून राहिलं.

लांबी भरायची, वाळली की घासायची, प्रायमर मारायचा, त्यावर काळी भुकटी चोळायची आणि लाकडी ठोकळ्याला वॉटर पेपर लावून पाण्यानं घासायचं. उंच भाग साफ होतो, खळग्यात काळं उरतं. उरलं की पुन्हा लांबी. तुमच्या मागच्या पार्सलमध्ये कुरडयांना गुंडाळून आजोबांचं जुनं धोतर आलं होतं, ते इथे कामी आलं. फडका तळहाताखाली धरून डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवला की नुसत्या हाताला न कळणारा उंचसखलपणा कळतो. यांचा हात बॉनेटवर एका जागी थांबला, मागे गेला, पुन्हा तिथेच थांबला. मी पाहिलं तर मला काही दिसेना. भुकटी मारून घासलं तर तिथे नखाएवढं काळं उरलं! आजोबा असते तर म्हणाले असते, धोतर नेसायचं सोडून गाडीले काहून पुसून राहिला बे.

पोळ्याच्या दिवशी मात्र मला काही सुचेना. इथे कामाचा दिवस होता, पाऊस होता, आणि शेडमधून थिनरचा वास येत होता. शिंगांच्या वार्निशाचा वास तस्साच असायचा ना? हिंगूळ, बेगड, अंगावर झूल, आणि पोट्टे झडत्या म्हणत मागे. मी शेडच्या दारात उभी राहून उगाच रडले. यांनी काही विचारलं नाही. हेडलाइटच्या दोन्ही वाट्यांना हळद-कुंकू लावलं आणि मुक्ताला म्हणाले, आज बैलाकडून काम नाही करून घेत. त्या दिवशी घासणं बंद. पुरणपोळी मी केली, पुरण ढिलं झालं, तरी सगळे जेवले. आई, तुझं पुरण घट्ट कसं राहतं, ते यावेळी नीट लिही, "अंदाजानं" लिहू नको.

नंबराचंही एक भांडण आहे. मी म्हणते माझी गाडी म्हणजे अकोल्याची एमएच ३०, हे म्हणतात अमरावतीची एमएच २७. इथे मिळणार तिसराच. माझदाचे कागद आणि भागांच्या पावत्या नीट दाखवल्या तर तिच्या वयाचा नंबर मिळतो, वय सिद्ध झालं नाही तर क्यूनं सुरू होणारा. म्हणून पावत्यांची फाइल आमच्या लग्नाच्या अल्बमपेक्षा जाड झालीय.

आता तुमच्या बातम्या. अमरावतीच्या बेलोऱ्याला विमान उतरायला लागल्यापासून सासूबाई फोनवर अकोल्याच्या शिवणी विमानतळाची चौकशी फार आपुलकीनं करतात. मी सांगते, आमच्याकडे मूर्तिजापुरापासून शकुंतला रेल्वे होती. त्यावर हे म्हणतात, तिचं १९२१ चं इंजिन मँचेस्टरला बनलं आणि १९९४ पर्यंत वऱ्हाडात पळलं, मग वऱ्हाडच्या जावयाची गाडी इंग्लंडात पळायला काय हरकत? याला उत्तर सापडलं तर कळवा. पप्पूच्या मुलीच्या स्थळाबद्दल मी काही बोलणार नाही, मुलाला स्वयंपाक येतो का ते आधी विचारा. नलूकाकूंचा गुडघा बरा असेल तर बरं, नसेल तर त्यांना आमच्या गाडीत बसवू नका. ती जमिनीपासून इतकी खाली आहे की उतरायला माणूस लागतो.

आणि शेवटी कामाचं. बाबा, चेतक स्कूटर भंगारवाल्याला देऊन टाकता म्हणालात, ते आम्हा दोघांनाही मान्य नाही. पंधरा वर्षांनंतरची नोंदणी पुन्हा करून घेतली होती की मुदत संपली, ते आरसी काढून बघा आणि तिचा फोटो आजच पाठवा. टाकीतलं पेट्रोल काढून ठेवा, स्टँडवर लावा, वर जुनी चादर टाका. आम्ही येऊ तेव्हा जावई ती खोलतील. भंगारवाला दारात आला तर पप्पूला पुढे करा, तुम्ही भाव सांगायला जाऊ नका.

तुमची,
मंजू