ब्रिटनचे खासदार व्हा: नवशिक्यांसाठी

पात्रतेची काळजी करू नका. वय अठरा पुरेसं आहे आणि ब्रिटिश पासपोर्ट नसला तरी अडत नाही. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक असाल आणि तिथं कायम राहायचा परवाना असेल, तर खुशाल उभे राहा. मतदारसंघातल्या दहा मतदारांच्या सह्या आणा, पाचशे पौंड अनामत भरा. पाच टक्क्यांहून जास्त मतं पडली की पैसे परत.

किती मतांनी जिंकायचं? दादाभाई नौरोजींना विचारा. १८८६ मध्ये ते होबर्नला पडले. दोन वर्षांनी खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरींनी भर भाषणात त्यांना ‘काळा माणूस’ म्हणून हिणवलं आणि त्यांचा फुकटात प्रचार केला. १८९२ मध्ये ते सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले, अवघ्या पाच मतांनी. तेव्हा खासदाराला पगार नव्हता, तो सुरू झाला १९११ मध्ये. म्हणजे सगळी पदरमोड, आणि १८९५ मध्ये पुन्हा घरी.

निकालाच्या रात्री गुलाल, ताशा काही नसतं. मंचावर सगळ्या उमेदवारांनी ओळीत उभं राहायचं आणि चेहरा सरळ ठेवायचा. २०२४ मध्ये ऋषी सुनक यांचा निकाल लागला तेव्हा त्याच मंचावर डोक्यावर कचऱ्याचा डबा चढवलेले काउंट बिनफेस नावाचे उमेदवारही उभे होते. लोकशाहीत शेजारी निवडता येत नाही.

आता सभागृह. खासदार ६५०, बसायला जागा सुमारे ४२७. त्यामुळे आपली एसटीची विद्या इथं कामाला येते. खिडकीतून रुमाल टाकायचा तसं इथं बाकावर आपल्या नावाचं कार्ड ठेवायचं. अट एकच: कामकाजाआधीच्या प्रार्थनेला हजर राहायचं, तेही भिंतीकडे तोंड करून. देवावर श्रद्धा नसलेले कितीतरी जण यामुळे वेळेवर येतात.

बोलायचं असेल तर दर वेळी अर्धवट उठा, सभापतींचं लक्ष गेलं नाही तर मुकाट बसा, पुन्हा उठा. गुडघे आधी दाखवून घ्या. समोरच्याला खोटारडा म्हणायची सोय नाही, तो कितीही धडधडीत बोलत असो. मतदानाची घंटा वाजली की आठ मिनिटांत पोहोचा, मग दारं बंद. घंटा आसपासच्या काही पबांतही वाजते, तेव्हा ग्लास कुठं ठेवायचा ते आधीच ठरवा. कुणाच्या बाजूनं मत द्यायचं याचा विचार करू नका, ते पक्षाच्या प्रतोदानं केलेलं असतं.

शुक्रवारी मतदारसंघ गाठायचा. वाचनालयाच्या नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये टेबल टाकून बसायचं. तिथं युक्रेनविषयी तुमचं मत कुणी विचारत नाही. एक बाई मोबाइल पुढे करतात: मुलाच्या पलंगामागची भिंत बुरशीनं काळी पडलेली. घर नगरपालिकेचं, अधिकार नगरपालिकेचा, पत्र मात्र तुम्हीच लिहायचं. माझ्या मते खासदारकीतलं खरं काम हेच.

कंटाळलात? राजीनामा देता येत नाही, १६२४ पासून तशी पद्धतच नाही. ‘चिल्टर्न हंड्रेड्स’ या नावापुरत्या सरकारी पदासाठी अर्ज करायचा, ते मिळालं की आपोआप अपात्र. जॉन स्टोनहाउस यांनी १९७४ मध्ये याहून लांबची वाट धरली. मायामीच्या किनाऱ्यावर कपडे ठेवून बुडाल्याचा देखावा केला आणि ऑस्ट्रेलियात सापडले. पोलिसांना आधी वाटलं, हे फरार लॉर्ड लुकनच. खासदारकी तरीही १९७६ पर्यंत शाबूत होती.