इंगवाले काका

लग्नपत्रिका हातात आली की लोक आधी मुहूर्त बघतात, मग जेवणाची वेळ. इंगवाले काका इंग्रजी मजकुराची शेवटची ओळ बघतात. तिथे ‘वी आर लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ दिसलं की पत्रिका लग्नाची नसून दहाव्याची असावी, असा त्यांचा चेहरा होतो. “मीटिंग यू!” ते म्हणतात. वधूपिता बिचारा विचारतो, “कधी आहे मीटिंग?”

काकांचं खरं आडनाव सोसायटीत आता कुणाला आठवत नाही. रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण त्यांच्याकडे देव्हाऱ्याशेजारी असतं. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि १९२४ साली ‘बो जेस्ट’ ही साहसी कादंबरी लिहून गाजले, हे मी एकदा सांगितलं. काका म्हणाले, “माणूस आहे, घसरतो पाय.”

त्यांचा सिद्धान्त असा : ‘टू’ दोन प्रकारचे. एक क्रियापदाला चिकटलेला, दुसरा निव्वळ शब्दयोगी अव्यय. ‘लुक फॉरवर्ड टू’, ‘ऑब्जेक्ट टू’ यांतला दुसरा. त्याच्यापुढे नामच बसतं, म्हणून क्रियापदाने इंग लावून, जेरंड होऊनच यायचं. आपण ‘भेटायला उत्सुक’मधला ‘ला’ बघतो आणि बेधडक ‘टू मीट’ ठोकतो. हाच मराठी माणूस ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणताना मात्र इंगची चैन करतो. “देशात इंगचा तुटवडा नाही,” काका हळहळतात, “वाटप चुकलंय!” हे निदान मला तरी बिनचूक वाटतं.

परवा काका लिफ्टमध्ये अडकले. आतून आरडाओरडा सुरू. सेक्रेटरी नव्याने इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला जाऊ लागलेले. ते दाराशी तोंड नेऊन म्हणाले, “काका, इट इज नो यूज टू शाउट!”

आत क्षणभर शांतता. मग गर्जना : “शाउटिंग!”

“हो हो, येतंय ऐकू शाउटिंग!” सेक्रेटरी म्हणाले.

“अहो, नो यूज शाउटिंग!”

“तेच तर मी म्हणतोय!”

लिफ्टवाला येईपर्यंत हे चाललं होतं. बाहेर आल्यावर काकांनी पाणी मागितलं नाही. नोटीस बोर्डावरच्या ‘अव्हॉइड टू पार्क हियर’वर पेन चालवलं. काकूंचं मत वेगळं आहे. “यांना अव्हॉइडपुढे काय येतं ते पाठ आहे,” त्या म्हणतात, “आणि भाजी निवडायची वेळ आली की अव्हॉइड करणंही.”

असे एक काका तुमच्याही सोसायटीत असतील. पत्रिका छापायला टाकण्याआधी मजकूर त्यांच्या नजरेखालून घाला. फी नाही, चहा लागतो. फक्त तो देताना ‘वुड यू माइंड टू हॅव टी’ असं विचारू नका; चहा गार होईल.