सव्वातीन ते सव्वासहा

‘जगात जर्मनी, देशात परभणी’ हे वाक्य पहिल्यांदा कुणी, कधी आणि कशाच्या आनंदात म्हटलं कुणास ठाऊक, पण आम्ही परभणीकर ते सढळ हातानं वापरतो. खड्ड्यात स्कूटी आदळली की वापरतो, मे महिन्यात डांबर चपलेला चिकटायला लागलं की वापरतो. मी हल्ली ते अभ्यासपूर्वक वापरते. कारण एका बाबतीत जर्मनी आणि परभणी खरोखरच शेजारी-शेजारी बसलेले आहेत: दोन्हीकडे शाळा लवकर सुटते आणि आईबाप उशिरा. जर्मनीत प्राथमिक शाळा वर्षानुवर्षं दुपारच्या जेवणाआधीच आटोपायच्या. शेवटी २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं कायदाच केला. १ ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या लेकराला आठवड्यातले पाच दिवस, शाळा धरून रोज आठ तास सांभाळून घेण्याचा हक्क. पुढं दरवर्षी एकेक इयत्ता वाढवत चौथीपर्यंत. परभणीत तोच प्रश्न आम्ही मावशींकडे सोपवलाय.

माझं कार्यालय पावणेदहाला भरतं आणि सव्वासहाला सुटतं. पूर्वी ते माणसांच्या वेळेला सुटायचं. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारनं पाच दिवसांचा आठवडा केला, शनिवार मोकळा दिला आणि त्या बदल्यात रोजचा दिवस लांबवला. चिरंजीव दुसरीत. त्याची शाळा सव्वातीनला सुटते. शनिवारी मी घरी असते, म्हणून नेमकी शनिवारी त्याला शाळा असते. आमचे हे गंगाखेडला बँकेत. मराठवाड्यात नोकरी करणं म्हणजे अपडाऊन करणं. राहायचं एका गावी, सही करायची दुसऱ्या. संध्याकाळची गाडी वेळेत आली तर हे साडेसातला घरात, नाही तर ‘आउटरला उभी आहे’ एवढाच मेसेज. म्हणजे सव्वातीन ते सव्वासहा हे तीन तास आमच्या घरात कुणाच्याच नावावर नाहीत.

सरकार या बाबतीत अगदीच हात झटकून बसलंय असं म्हणता येणार नाही. २ ऑक्टोबर १९७५ पासून अंगणवाड्या आहेत, सहा वर्षांपर्यंत. पाळणाघरांची केंद्राची योजना आहे. तीही सहा वर्षांपर्यंत. रोजगार हमीच्या कामावर सहाच्या आतली पाच किंवा जास्त लेकरं आली, तर मजूर बायांपैकीच एकीला लेकरं सांभाळायला बसवायचं आणि तिला मजुरी द्यायची, असा नियम आहे. इतका शहाणा नियम कुणी लिहिला त्याला भेटावंसं वाटतं. आमच्या कार्यालयातही जुन्या फायलींची उकराउकर बारा महिने चालते, तेव्हा ते मातीकामात बसवता येईल का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. पण तिथंही सहाच. सातवं लागलं की लेकरू सरकारच्या हिशेबी हाताशी आलं. त्यानंतर त्याची नि सरकारची गाठ थेट मतदार यादीत.

नाही म्हणायला आम्हा राज्य सरकारी बायांना २०१८ पासून बालसंगोपन रजा मिळते. १८० दिवस. अख्ख्या नोकरीत. मी कॅल्क्युलेटर घेऊन ती रोज तीन-तीन तासांनी वाटून बघितली, तर दोन वर्षं आरामात निघत होती. मोठ्या उत्साहानं आस्थापनेच्या टेबलावर गेले. तिथला लिपिक सेवापुस्तकातून मान वर न काढता म्हणाला, “ताई, रजा दिवसावर निघती. तासावर निघतो तो ऑटो.”

मग घरची माणसं. सासूबाई जिंतूर तालुक्यात, गावी. मी फोन केला. त्या म्हणाल्या, “आले असते गं, पण म्हशीला कोण बघंल?”

“मामा आहेत की.”

“त्यांनला बघाया तर मी पायजे.”

पुढं त्यांनी अर्धा तास म्हशीचं वेळापत्रक सांगितलं. पहाटे किती वाजता पेंड, कोण आल्यावर ती पान्हा चोरते, गोठ्यातला दिवा मालवलेला तिला कसा चालत नाही. आमच्या गावात म्हशीची सोय लावल्याशिवाय कुणी लग्नालासुद्धा जात नाही, आणि त्याचं कारणही कुणी विचारत नाही.

खात्रीची बाई या जिल्ह्यात झालीच नाही असं नाही. एक झाली. गंगाखेडची. दमा आणि करुंड यांची ही लेक लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला राहिली, आणि परंपरा सांगते की त्यांच्या नामदेवाला लहानाचं मोठं तिनंच केलं. वर दळण, कांडण, झाडलोट, शेण्या वेचणं. एकही खाडा नाही. संत जनाबाईंना जात्यावर हात लावायला साक्षात विठ्ठल यायचा, हे खरं. पण विठ्ठल काही तिच्या पगारातून वळता होत नव्हता. सातशे वर्षांपूर्वी परभणी जिल्ह्यातलं चांगलं माणूस बाहेरच्या जिल्ह्यात गेलं ते गेलंच, आणि तेव्हा सुरू झालेली ही रांग अजून थांबलेली नाही. फक्त पंढरपूरऐवजी आता पुण्याची गाडी धरतात. आमचे हे रोज जनाबाईंच्या गावाला जाऊन येतात, येताना पेढे आणतात.

परभणीत बाई शोधायची म्हणजे जाहिरात द्यायची नसते. किराणा दुकानदाराच्या कानावर घालायचं, दूधवाल्याला सांगायचं, भाजीच्या गाड्याशी दोन मिनिटं जास्त उभं राहायचं. दोन दिवसांत दारात कुणीतरी हजर. मी मुलाखतीचे प्रश्न काढून ठेवले होते: लेकरांची आवड आहे का, आधी कुठं काम केलं वगैरे. ते कागदावरच राहिले, कारण मुलाखत माझीच झाली. “कूलर है का? त्यात पाणी कोण टाकणार? लाइट गेल्यावर पंखा चालतो का? टीव्हीचा रिचार्ज मधीच संपत नाही ना?” मी सगळ्यात पास झाले. मग अटी. नळाला पाणी यायच्या दिवशी येणार नाही. यात कुरकुर करायला जागाच नव्हती. परभणीत नळ आला की साहेबसुद्धा उशिरा येतात आणि ओल्या पँटवरूनच सगळे समजून घेतात. पोळा, महालक्ष्म्या, भाऊबीज हे धरूनच चालायचं. आणि थोडी उचल लागेल, पोरीच्या फीचं बघायचंय.

सगळं छान चाललं होतं. मावशी सव्वातीनला ऑटोपाशी उभ्या असायच्या, लेकराला हातपाय धुवायला लावायच्या, कांदा-मिरची परतून मस्त सुशीला करून द्यायच्या. दसरा झाला, आणि एका सकाळी फोन आला. “ताई, उद्यापासून येणं व्हायचं नाही. वेचणी निघाली.”

आता इथं भांडायचं कसं? आमच्या भागात कापूस फुटला की पहाटे नाक्यावर टेम्पो लागतात आणि अर्ध्या शहराचं धुणंभांडं त्यात बसून शिवारात जातं. वेचणीचे पैसे किलोवर. हात चालणाऱ्या बाईला मी महिन्याला देत होते त्याहून जास्त त्यात सुटतात, हे मलाही कळत होतं आणि तिला तर पक्कंच ठाऊक होतं. तरी मी म्हणून पाहिलं, “अहो पण लेकराचं काय?” त्यावर मावशी अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “ताई, तुमचं लेकरू कुठं पळून जायलंय? कापूस तर गळून पडतो.”

त्या दिवशी विद्यापीठाच्या कमानीवरून जाताना मला फार राग आला. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, स्थापना १९७२. यांनी भेंडीचं ‘परभणी क्रांती’ काढलं, जे पानं पिवळी पडण्याच्या रोगाला दाद द्यायचं नाही. ज्वारीचं ‘परभणी मोती’ काढलं. एवढे सगळे शास्त्रज्ञ, एवढी प्रक्षेत्रं, आणि वेचणीला दाद न देणाऱ्या मावशीचं एक वाण यांना काढता येऊ नये?

वेचणी संपेपर्यंत आम्ही शहरातले इतर नोकरदार करतात तेच केलं, लेकराला ट्यूशन लावली. ही गोष्ट कुणी उघड बोलत नाही, पण दुसरीतलं पोरगं ट्यूशनला का जातं हे ट्यूशनवाल्या मॅडमलाही माहीत असतं. पाटीवर ‘वैयक्तिक लक्ष दिले जाईल’ असं असतं. आई त्यातलं फक्त ‘चार ते सहा’ वाचते. पण चारच्या आधी पाऊण तास राहतो आणि सहानंतर घरी पोचेपर्यंतचा अर्धा. मग पुढच्याला अबॅकस, मागच्याला हस्ताक्षर सुधार वर्ग. मंगळवारी मॅडमना सुट्टी, म्हणून त्या दिवशी तायक्वांदो. ऑटोवाल्या काकांना वाराप्रमाणे वेगवेगळा पत्ता, आणि ते तो कधी चुकले नाहीत. खरं तर सगळ्या परभणीतली लेकरं या ऑटोवाल्यांच्याच भरवशावर आहेत; कुणाला कुठं टाकायचं, कुणाची किल्ली कुठल्या दुकानात, कुणाची आजी गावाला गेली, हे त्यांच्या डोक्यात असतं. महिनाअखेरीस चिरंजीव बोटं हवेत नाचवून तीन आकडी बेरजा करायला लागला, अक्षर वळणदार झालं आणि पांढरा पट्टा मिळाला. घरी आल्यावर मात्र तो पोळीचा तुकडा हातात धरून बसल्या-बसल्या झोपायचा. नातेवाइकांत वार्ता पसरली की आम्ही पोराला आतापासूनच स्पर्धा परीक्षेला बसवायलोत.

संक्रांतीनंतर दुसऱ्या मावशी मिळाल्या. या एकट्या आल्या नाहीत. सोबत चौथीतली मुलगी, आणि तिच्या कडेवर दोन वर्षांचा भाऊ. “हिला कुठं ठेवू? ही शाळंतून आली की त्याला बघती,” मावशी म्हणाल्या. म्हणजे माझं लेकरू बघायला ही, हिचं लेकरू बघायला तिची लेक.

तारा मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि १९५७ मध्ये त्या नि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तेव्हा त्यांच्यापुढं हाच पेच होता. आदिवासी पोरी शाळेत का येत नाहीत, तर कडेवर धाकटं भावंड आहे. या दोघींनी पोरींना उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. आमच्या दोन खोल्यांतही आपोआप एक विकासवाडी उभी राहिली, फक्त तिच्या प्रमुख मावशी नव्हेत, ती चौथीतली मुलगी होती. मावशी कूलरपाशी भिंतीला टेकून डोळे मिटायच्या. ही पोरगी एका हातानं भावाला थोपटत माझ्या चिरंजीवाकडून एकोणीसचा पाढा म्हणून घ्यायची. चुकला की परत दोनपासून. जो मुलगा मला दप्तर उघडून दाखवत नाही, तो तिच्यापुढं मांडी घालून बसायचा.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला परभणीत शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. सगळ्या जातिधर्माची माणसं जातात, शेजारच्या जिल्ह्यांतूनही येतात. अशाच एका संध्याकाळी मी घरी आले तर दाराला कुलूप. फोन लावला, तर घंटी आतून, चार्जिंगला लावलेल्या मोबाइलची. पाच वेळा लावला, पाचही वेळा दाराआडून तेच भक्तिगीत. किराणा दुकानदार म्हणाला, सगळी मंडळी ऑटोत बसून गेली, खुशीत होती. तासाभरानं वरात आली. पुढं ती मुलगी, हातात फुगे. मागं मावशी, खांद्यावर झोपलेला धाकटा. मधी माझा कुलदीपक, तोंडाला हलव्याचं तूप, गळ्यात प्लॅस्टिकची दुर्बीण. आकाशपाळण्यात दोनदा बसला होता.

मी आवाज चढवला. मावशींनी शांतपणे खांद्यावरचं लेकरू खाली निजवलं आणि म्हणाल्या, “सांभाळा म्हणलाव तुम्ही. घरातच सांभाळा असं कुठं म्हणलाव?”

यावर शासन निर्णय नाही. मी आत जाऊन चहा टाकला, आणि पाचही जणांनी तो घेतला. धाकट्यानं झोपेतून उठून बशीतून.

त्यानंतर मात्र घडी बसली. मावशी, त्यांची लेक, धाकटा, चिरंजीव, सगळे सव्वातीनला घरात, आणि मी कार्यालयात एकदाही घड्याळ न बघता टिपणी लिहू लागले. साहेब म्हणालेसुद्धा, मॅडम, हल्ली तुमच्या टिपण्या फार मुद्देसूद असतात. मार्च लागला. ऊन वाढलं. चिरंजीवानं डायरीत शाळेची सूचना आणली: सोमवारपासून सकाळची शाळा, साडेसात ते साडेअकरा.

मी मावशींना वाचून दाखवली. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

“सकाळून तर मपली चार घरं असत्यात,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही काळजी करू नका. मी आपली सव्वातीनला येतेच की. मधलं तेवढं तुम्ही बघा.”