मरोळचे कागद मरोळला दाखवा

मरोळच्या एखाद्या शाळकरी मुलीला आपल्या गावाचा इतिहास लिहायचा असेल, तर तिने जावं कुठे? मरोळ ज्या साष्टी बेटावर आहे ते 1534 पासून पोर्तुगीजांकडे होतं, म्हणून आधी पणजीचं पुराभिलेखागार. 1737 मध्ये साष्टी मराठ्यांनी घेतली, म्हणून पुण्याचं पेशवे दफ्तर, तेही मोडीत. 1774 मध्ये इंग्रज आले, त्यांचे कागद फोर्टात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. पुढे 1920 मध्ये मरोळ ठाण्यातून नव्या उपनगर जिल्ह्यात आणि 1950 मध्ये बृहन्मुंबईत गेलं. हद्द बदलली की कचेरी बदलली.

आणि घराजवळच्या वाचनालयात काय मिळतं? कादंबऱ्या, दिवाळी अंक, स्पर्धापरीक्षेची पुस्तकं. हे सगळं हवंच. पण उपनगरातल्या वाचनालयात, ते ज्या गावात उभं आहे तेवढं एक गाव बहुधा सापडत नाही.

याला पैशाची टंचाई हे कारण मी मानत नाही. राज्याचं ग्रंथालय संचालनालय फोर्टातल्या नगर भवनात आहे आणि पुराभिलेख संचालनालय काळा घोड्याला. मधलं अंतर चालत जाण्याचं. पण एक उच्च व तंत्र शिक्षण खात्याचं, दुसरं सांस्कृतिक कार्य खात्याचं. खातं वेगळं म्हणून कागद एकीकडे आणि वाचक दुसरीकडे, ही व्यवस्था आपण किती वर्षं चालवणार?

यात गमावतो काय, ते मरोळला विचारा. शेजारच्या कोंडिविट्याचं 1579 साली बांधलेलं सेंट जॉनचं चर्च आज सीप्झ या निर्यात औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआड पडकं उभं आहे. 1840 च्या सुमारास साथ आली आणि तिथली माणसं मरोळला आली. मरोळच्या चर्चचं मूळ तिथे आहे. सीप्झमध्ये रोज कामाला जाणाऱ्या हजारोंपैकी हे कितींना ठाऊक आहे? एमआयडीसी येण्याआधी इथे भातशेती होती. ती पाहिलेली, कसलेली इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची माणसं आता म्हातारी झाली आहेत. त्यांच्या ट्रंकेतले फोटो, शेतसाऱ्याच्या पावत्या, लग्नातली गाणी कोणी मागायला गेलं नाही, तर घराच्या पुनर्विकासात ती आधी जातील.

हा निव्वळ आठवणींचा मामला नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीने आपली जागा परत मागितली. विहार आणि पवईच्या तलावांचं जादा पाणी घेऊन ती मरोळवरून जाते. नदीचं मूळ पात्र किती रुंद होतं, कोणता ओढा कुठे मिळत होता, हे जुन्या मोजणीच्या नकाशांतून कळतं. असा नकाशा वाचनालयाच्या भिंतीवर लागला, तर नाल्यावर भराव टाकणाऱ्याला जाब विचारायला नागरिकाच्या हातात काहीतरी येईल.

वाट अनोळखी नाही. राज्य मराठी विकास संस्थेने दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातली दोलामुद्रितं, म्हणजे छपाईच्या सुरुवातीच्या काळातली पुस्तकं, संगणकावर आणली. 1893 मध्ये स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयानेही आपली दुर्मीळ पुस्तकं तशीच सगळ्यांसाठी खुली केली. पुस्तकांचं जे झालं ते गावाच्या कागदांचं व्हावं. मूळ कागद पुराभिलेखागारातच सुरक्षित राहोत, प्रती गावात याव्यात. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे रियासतकार सरदेसायांनी संपादलेले 45 खंड तर छापलेलेच आहेत. साष्टीबद्दल त्यांत काय आहे, याची सूची करायला सरकारी आदेश लागत नाही. मोडीचे वर्ग पुराभिलेख संचालनालय घेतंच. ते वाचनालयाच्या सभागृहात भरवा. उलट दिशेने वाचनालयाने घरोघरचे कागद स्कॅन करून, मालकाच्या संमतीने, पुराभिलेखागाराला द्यावेत.

आणि 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड अशी वर्गवारी करताना पुस्तकं आणि सभासद मोजता, तसे स्थानिक इतिहासाच्या कप्प्यालाही गुण द्या. अनुदान त्याला जोडा, काम सुरू होईल.

तोवर मरोळकरांनी थांबू नये. आजीच्या फोटोमागे तिचं नाव, जागा आणि साल पेन्सिलीने लिहा, आणि त्याची एक प्रत जवळच्या वाचनालयात या आठवड्यातच नेऊन द्या.