गाडीचिंतक

ज्याच्याकडे चालती गाडी आहे, नवी घेण्याची ऐपत आहे, आणि जो गेली तीन वर्षे ‘हायब्रिड की डिझेल’ या प्रश्नात मुक्काम ठोकून आहे, अशा गृहस्थाला गाडीचिंतक म्हणावे. वय साधारण पंचेचाळीस ते पासष्ट. तो नाशिक, ठाणे, नागपूर, कोल्हापूर असा सगळीकडे सापडतो. मात्र त्याची सर्वांत दाट वस्ती पुण्यात, कोथरूड भागात आहे. कंजूष माणसाशी त्याची गल्लत करू नये. कंजुषाला पैसे वाचवायचे असतात. गाडीचिंतकाला फक्त चुकायचे नसते, आणि त्यासाठी तो वाटेल तेवढा खर्च करतो.

त्याचे रोजचे फिरणे मोजून ठेवण्यासारखे आहे. सकाळी भाजी, मग बँक, संध्याकाळी नातीला गाण्याच्या क्लासला पोचवणे आणि ती बाहेर येईपर्यंत रस्त्याच्या कडेला गाडीत बसून राहणे. सगळे मिळून अकरा किलोमीटर, त्यातले निम्मे नळ स्टॉपच्या सिग्नलवर उभ्याने. चौथा गिअर त्याच्या गाडीला आहे, हे तो विसरलेला नाही एवढेच. तरी कुणीही ‘रनिंग किती?’ असे विचारले की उत्तर ठरलेले: “भरपूर आहे हो, महिन्याला हजार-बाराशे कुठे गेले नाहीत.” गाडी 2011 ची आणि मीटरवर 84,000. वर्षाला सहा हजार सरासरी निघते, पण मीटरवर विश्वास ठेवणारा तो माणूस नव्हे.

डिझेलवरची त्याची निष्ठा घराण्यातून आलेली असते. विहिरीवर धडधडणारे इंजिन, हँडल मारून ते सुरू करणारा काका, पट्टा निसटला की उडणारी पळापळ, असे एका अख्ख्या पिढीचे बालपण आहे. आवाज करते म्हणजे काम करते, ही समजूत त्या विहिरीवरची. पुढे तिला हिशेबाचा टेकू मिळाला. सरकारने पेट्रोलचे दर जून 2010 मध्ये मोकळे सोडले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर 2014 पर्यंत हातात ठेवले. मधल्या काळात लिटरमागे वीस रुपयांहून जास्त फरक पडे. मूळच्या फियाटच्या 1.3 लिटर मल्टिजेट इंजिनाचा तो सुवर्णकाळ. मारुतीच्या बॉनेटखाली तेच, टाटांच्या बॉनेटखालीही तेच, आणि त्यातली काही इंजिने पुण्याजवळ रांजणगावातच तयार होत. गाडीचिंतकाने त्या लाटेत डिझेल गाडी घेतली आणि ती लाभली. आयुष्यात एक निर्णय इतका अचूक निघाला, हेच त्याच्या पुढच्या सगळ्या दुखण्याचे मूळ होय.

नंतर दिवस फिरले. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 निकष आले, धूर स्वच्छ करणारी यंत्रणा महाग पडू लागली, आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणेच सोडून दिले. घरातल्या मोठ्या भावाने माळ काढून ठेवावी तसे गाडीचिंतकाला झाले. खुद्द रुडॉल्फ डिझेल 1913 मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रातोरात नाहीसा झाला होता, हे कुणी त्याला सांगितले तर तो म्हणतो, “असेल, पण इंजिन उत्तम होतं.”

हायब्रिड त्याच्या आयुष्यात 2022 मध्ये शिरली. त्या वर्षी ग्रँड विटारा आणि हायरायडर या जुळ्या बहिणी आल्या, होंडा सिटीची हायब्रिड आली, वर्ष संपता संपता इनोव्हा हायक्रॉसही आली. स्ट्राँग हायब्रिडचा खटाटोप असा: पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि लहानशी बॅटरी. सिग्नलला इंजिन बंद पडते, निघताना मोटर ओढते, आणि ब्रेक दाबला की तीच मोटर जनित्र होऊन, एरवी ब्रेकच्या उष्णतेत वाया गेली असती ती शक्ती बॅटरीत भरते. इंजिन बहुधा ॲटकिन्सन पद्धतीचे असते. आत हवा घेणारी झडप जरा उशिरा मिटते, ताकद थोडी घटते, इंधन बरेच वाचते, आणि घटलेल्या ताकदीची भरपाई मोटर करते. परिणामी ही गाडी हायवेपेक्षा गर्दीत जास्त ॲव्हरेज देते. डिझेलचा स्वभाव नेमका उलट. म्हणजे नळ स्टॉपवर उभे राहण्यात ज्याचा दिवस जातो त्याच्यासाठी प्रश्न इथेच सुटायला हवा. गाडीचिंतकाचा प्रश्न इथे सुरू होतो.

पहिल्या टेस्ट ड्राइव्हचा प्रसंग सर्वत्र सारखाच घडतो. तो सीट पुढे-मागे करतो, आरसे लावतो, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबतो. काहीच होत नाही. समोर ‘रेडी’ अशी हिरवी अक्षरे उमटतात, पण त्याचे लक्ष कानात असते. तो पुन्हा बटण दाबतो. अक्षरे जातात. “सर, सुरू झाली होती,” सेल्समन अदबीने म्हणतो. तिसऱ्यांदा बटण दाबले जाते आणि गाडी तळघरातून अलगद वर येते. बायको मागच्या सीटवरून म्हणते, “अहो, किती छान आहे, बोललेलं ऐकू येतं.” नेमक्या याच गोष्टीचा त्याने विचार केलेला नसतो. घरी आल्यावर वहीत नोंद होते: ‘आवाज नाही. शंका.’

कोथरूडमधील दाट वस्तीचे कारण म्हणजे टेकडी. गाड्यांचे अधिकृत ॲव्हरेज तपासून देणारी एआरएआय ही संस्था 1966 पासूनची. ती वेताळ टेकडीवर आहे आणि आसपासचे लोक त्या भागाला एआरएआय टेकडीच म्हणतात. गाडीचिंतक रोज पहाटे तिथे फिरायला जातो आणि संस्थेच्या हाकेच्या अंतरावर उभा राहून, हात गोल फिरवण्याचा व्यायाम करत, तिच्या आकड्यांवर अविश्वास व्यक्त करतो. हायरायडरचा आकडा 27.97 आहे. त्याचा राग 27 वर नसतो, दशांशचिन्हानंतरच्या 97 वर असतो. “रोलरवर चाकं फिरवतात, तिथे खड्डे कुठे, रिक्षा कुठे?” हे त्याचे म्हणणे खोटे नाही, ती चाचणी रोलरवरच होते. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करण्यापुरता असतो, घरी घेऊन जाण्यासाठी नसतो. पण टेकडीवरच्या चौकडीत एवढा बारकावा चालत नाही. तिथे एक हायब्रिडवाला असतो, एक डिझेलवाला, आणि एक गृहस्थ, जे दर वेळी “सीएनजीचं काय?” म्हणतात आणि ज्यांना कुणी उत्तर देत नाही.

त्याची वही शंभर पानी असते आणि तिच्यातले गणित चोख असते. पेट्रोल 104 रुपये, डिझेल 91, वर्षाचे फिरणे 6,000 किलोमीटर. (वहीत तो खरे लिहितो.) शहरात हायब्रिड 20 देईल, डिझेल 15, साधी पेट्रोल 12, असे धरले तर वर्षाचा इंधनखर्च अनुक्रमे 31,200, 36,400 आणि 52,000 रुपये येतो. आता साध्या पेट्रोल गाडीपेक्षा हायब्रिड तीन लाखांनी महाग पडली तर? वर्षाला 20,800 वाचतात, म्हणजे जास्तीचे पैसे वसूल व्हायला चौदा वर्षे पाच महिने. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. उरलेल्या सात महिन्यांत सुमारे बारा हजारांचा निव्वळ नफा! या ओळीखाली त्याने दोन रेघा मारलेल्या असतात. हायब्रिड आणि डिझेल यांच्यातला फरक मात्र वर्षाला 5,200, म्हणजे दिवसाला चौदा रुपये निघतो. हा अमृततुल्यमधल्या एका चहाचा ऐवज झाला, आणि या विषयावर बोलताना तो दिवसाला तीन चहा पितो.

डिझेलच्या बाजूने सर्वांत अडचणीचा साक्षीदार म्हणजे डीपीएफ. धुरातली काजळी या जाळीत साठते आणि ती अधूनमधून जाळावी लागते. जाळण्यासाठी ती चांगली तापायला हवी, आणि तापायला पंधरा-वीस मिनिटे गाडी सलग, बऱ्यापैकी वेगात पळायला हवी. भाजी आणि बँक यांच्यामध्ये असा योग येत नाही. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. टेकडीवरच्या डिझेलवाल्याकडे नवी डिझेल आहे. दिवा लागला की तो द्रुतगती मार्गाने लोणावळ्यापर्यंत जाऊन येतो. जाताना टोल, तिथे वडापाव, येताना चिक्की. काजळी जाते, घरी चिक्की साठते. गाडीचिंतकाला यात डिझेलचा दोष दिसत नाही; “गाडीला मोकळं फिरवलं पाहिजे,” असे तो म्हणतो. स्वतःचे मात्र तो डॉक्टरांनी सांगूनही ऐकत नाही.

हायब्रिडच्या विरुद्ध त्याच्याकडे बॅटरी असते. कंपन्या तिला आठ वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरची हमी देतात. त्याच्या चालीने तेवढे अंतर कापायला जवळजवळ सत्तावीस वर्षे लागतील. तरी “नवव्या वर्षी काय?” हा प्रश्न तो अशा आवाजात विचारतो, की विचारणारा तेव्हा सत्तरीला टेकलेला असेल हे कुणाच्या लक्षात येत नाही. काही हायब्रिडमध्ये ही बॅटरी डिकीच्या तळाशी बसते आणि सामानाची जागा कमी होते. इथे मात्र बायको चर्चेत भाग घेते. “अहो, आंब्याच्या पेट्या कुठे ठेवायच्या?” हा तीन वर्षांतला एकमेव सवाल, ज्याला वहीत उत्तर नाही. मे महिन्यात गुहागरहून चार पेट्या, एक फणस आणि सासूबाईंनी दिलेली तांदळाची गोणी यायची असते. त्याच वाटेवरचा घाट हा डिझेलचा हुकमी एक्का. कमी फेऱ्यांवर भरपूर ओढ, भरलेली गाडी दुसऱ्या गिअरात हसत चढते. वर्षातून दोनदा.

बाकीच्या शंका लवकर उरकण्यासारख्या आहेत. महाराष्ट्रात डिझेल गाडीवरचा रस्ताकर पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त. तो कागदावर दिसतो म्हणून त्याला आवडतो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणणारा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दिला. इकडे तसा नियम नाही, तरी तो हा आदेश जवळच्या नात्यातले दुखणे असावे तसा सांगतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा, तेव्हा हायब्रिडचे ॲव्हरेज थोडे बसणार. हे त्याने दिवाळीत फलटणच्या मेव्हण्यासमोर काढले. मेव्हण्याचा पाच एकर ऊस आहे. त्या फराळानंतर तो विषय घरात निघत नाही.

तीन वर्षांत एकदाच तो निर्णयाच्या अगदी उंबऱ्यावर आला होता. तेवढ्यात 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरहून लांब हायब्रिडवर पूर्वी उपकरासह 43 टक्के कर होता, मोठ्या डिझेल एसयूव्हीवर 50. दोन्ही 40 वर आले. इतर लोक शोरूममध्ये गेले. गाडीचिंतक नवी वही आणायला अप्पा बळवंत चौकात गेला.

असा माणूस शेवटी गाडी घेतो, पण वहीमुळे घेत नाही. जुन्या गाडीची पंधरा वर्षे भरतात. पुन्हा पासिंग करायचे तर आरटीओत खेप, हरित कर, आणि ज्याच्याकडे तो वीस वर्षे जातो त्या मेकॅनिकचे वाक्य: “काका, इंजिन अजून दहा वर्षं जाईल. पत्रा नाही जाणार.” त्याच आठवड्यात बायको आणि मुलगी परस्पर शोरूममध्ये जातात. बायकोच्या पर्समध्ये आंब्याच्या पेटीचे माप घेतलेली सुतळी असते. ती डिकीत धरून पाहते, मागची अर्धी सीट पाडून पुन्हा धरते, आणि मुलगी हायब्रिडचे पैसे भरते. गाडीचिंतकाला रंग विचारला जातो.

गाडी मिळते त्या दिवशी शोरूमच्या दारात हार, नारळ, पेढे, चारही चाकांखाली लिंबे. तो ब्रेकवर पाय ठेवतो, बटण एकदाच दाबतो, हिरव्या अक्षरांची वाट पाहतो आणि पाय सोडतो. जुन्या डिझेलच्या वेळी हे कधी कळलेच नव्हते, पण इथे काच खाली असते आणि चारही लिंबे एकामागून एक फुटलेली त्याला स्पष्ट ऐकू येतात.