फी भरण्याआधी तालीम बघा

बारावीचा निकाल लागला की मुरुडातल्या घराघरांत शहरातल्या कॉलेजांची माहितीपत्रकं मोबाइलवर फिरू लागतात. ज्या घरातली मुलगी गाते आणि गॅदरिंगच्या नाटकातही असते, त्या घराला ‘म्युझिकल थिएटर’ हे नाव वाचून हुरूप येतो. सोबत फोटो असतो. निळा प्रकाश, वर गेलेले हात, मधोमध गाणारी एक मुलगी. त्या फोटोवर प्रवेश घेऊ नका. फोटो एका संध्याकाळचा असतो, फी तीन वर्षांची.

पहिला प्रश्न असा विचारा : गाणं कोण शिकवतं, अभिनय कोण शिकवतं आणि हे दोघं एका खोलीत कधी बसतात?

महाराष्ट्रात हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण आपल्याकडे या विद्यांची दारं वेगवेगळी आहेत. मुंबई विद्यापीठात संगीत विभाग आहे, थिएटर आर्ट्सची अकादमी आहे, लोककला अकादमी आहे. तिन्ही स्वतंत्र. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीत, नृत्य आणि नाटक एका छताखाली आले, पण प्रवेश घेताना त्यातला एक विषय निवडावा लागतो. या सगळ्या ठिकाणी मोलाचं काम झालं आहे. तरीही पद गाताना पात्र न सोडणारा नट घडवणं हे काम या विभागांच्या मधे पडतं, आणि मधलं काम कुणाच्याच वेळापत्रकात सहजी बसत नाही.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, आणि पुढे कितीतरी वर्षं नाटक कंपनी हीच शाळा होती. १९११च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांच्या चाली, १९१६च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांच्या. भास्करबुवा तर बालगंधर्वांचे गुरूच. चाल देणारा आणि ती गाणारा यांचं नातं इतकं जवळचं होतं. कंपनीत दाखल झालेला पोरगा पाठांतर, गळा, चालणं, बसणं सगळं एकाच बिऱ्हाडात शिकायचा. त्या पद्धतीत पोरांची शाळा सुटायची आणि हालही व्हायचे, ती परत आणा असं मी म्हणणार नाही. पण तालमीला पेटी आणि तबला असायचा. तेवढं मात्र प्रत्येक कॉलेजकडे मागा.

ट्रॅकवर गाऊन घेणारं कॉलेज तुमच्या मुलीला संगीत नाटक शिकवत नाही. ट्रॅक थांबत नाही. समोरच्याचं वाक्य लांबलं, प्रेक्षकांत हशा पिकला, एखाद्या शब्दावर डोळे भरून आले, तरी यंत्र पुढे जातं आणि नटाला त्याच्यामागे धावावं लागतं. ऑर्गनवाला नटाच्या श्वासाकडे बघून सूर धरतो. संवादाचं शेवटचं वाक्य त्या सुरावर अलगद उतरतं, पद सुरू होतं, आणि प्रेक्षकाला वाटतं की आता याला बोलून चाललंच नसतं, गावंच लागलं असतं. या कलेतलं सगळ्यात अवघड काम या एका क्षणात आहे. ते शिकवणारा वर्ग नसेल तर बाकीची विषयसूची कितीही लांब असो, निरुपयोगी आहे. २०१७ साली आलेलं ‘संगीत देवबाभळी’ प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं. दोनच अभिनेत्री, आणि दोघी रंगमंचावर प्रत्यक्ष गाणाऱ्या. आजही प्रेक्षकाला हेच हवं आहे, याचा आणखी पुरावा कशाला?

दुसरं, गळ्याची काळजी. वर्गातल्या सगळ्यांना एकाच पट्टीत गायला लावणारा शिक्षक सोयीसाठी गळे बिघडवतो. मुलीची पट्टी वेगळी, नुकता आवाज फुटलेल्या मुलाची वेगळी. प्रत्येकाची पट्टी कोण ठरवतं आणि घसा बसला तर विश्रांती देतात की ‘प्रयोग जवळ आलाय’ म्हणून दामटतात, हे आत्ता शिकणाऱ्या मुलांना विचारा. ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोगांचा रिवाज आहे. आपल्याकडे एकेका पदाला वन्समोअरवर वन्समोअर पडत आणि नाटक रात्रभर चाले. दोन्हीकडे गळा टिकवणं हा शिक्षणाचाच भाग. एका स्नेहसंमेलनापुरतं गाऊन घेणाऱ्यांना त्याची फिकीर नसते.

आता आपल्या बाजूचं. रत्नागिरी जिल्ह्यातली मुलं शहरात मुलाखतीला जातात आणि ‘पूर्वानुभव’ या रकान्यात ‘काही नाही’ लिहितात. का? शिमग्यात खेळ्यांबरोबर हिंडलेल्या, नमनात गणापासून वगापर्यंत उभं राहिलेल्या, जाखडीत घुंगरू बांधून गात गात फेर धरलेल्या मुलाने गाणं, नाच आणि सोंग एकत्र केलेलं असतं. मृदंगाच्या ठेक्यावर बोलायचं कधी आणि गायचं कधी हे त्याला अंगातून कळतं. शहरातली मुलं ज्यासाठी फी भरतात त्यातला बराचसा भाग त्याच्याकडे आहे. म्हणून मुलाखतीत नमन करून दाखवा. समोरचे परीक्षक पुढे सरसावून बसले तर तिथे शिकण्यासारखं काही आहे. तोंड वाकडं केलं तर उठून या, तुम्हाला हवं ते उत्तर मिळालं.

कानही आधी तयार करा. रत्नागिरी शहरात ‘खल्वायन’ ही संस्था संगीत नाटकं करते आणि राज्य संगीत नाट्य स्पर्धेचे प्रयोग तिथल्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात झाले आहेत. मुरुडहून रत्नागिरी गाठणं सोपं नाही, जिल्हा एक असला तरी आपण एका टोकाला आहोत. तरी एक प्रयोग पदरमोड करून मुलीला दाखवा. चांगलं ऐकलेलं नसेल तर कॉलेजच्या प्रयोगात काय उणं आहे हे तिला कळणार कसं?

मुलीबद्दल मुद्दाम बोलतो. ‘स्वयंवर’ १९१६चं, त्यातली रुक्मिणी बालगंधर्वांची. त्याच १९१६ साली आपल्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ उभं केलं. मुलीची भूमिका मुलीने करावी आणि त्याचं रीतसर शिक्षणही घ्यावं, इतकं अंतर आपण कापलं आहे. तेव्हा ‘नाटकात कशाला पाठवायची’ हे वाक्य निदान या गावात तरी नको. काळजी करायची तर नेमकी करा. तालीम रात्री किती वाजता संपते आणि वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद होतं? तालीम दहाला आणि फाटक साडेआठला असेल तर रोज तुमची मुलगी दोन्हीकडे बोलणी खाणार. असं कॉलेज नाटक शिकवतं, पण नाटक शिकणाऱ्यांची सोय बघत नाही.

याच कर्व्यांची एक गोष्ट मुरुडात सगळ्यांना माहीत आहे. शाळकरी वयात परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. तेव्हा आधी चौकशी करायला साधन नव्हतं. आज फोन आहे. पदवी विद्यापीठाची की प्रमाणपत्र संस्थेचं, गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या असतील तर त्या धरतात का, शिष्यवृत्ती आहे का, भरलेली फी परत मिळते का, हे सगळं लेखी मागवा. तोंडी आश्वासनावर एसटीचं तिकीट काढू नका. गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेल्या मुलांपैकी आज कोण रंगभूमीवर आहे, तेही विचारा. नावं सांगितली तर त्यांच्याशी बोला. ‘आमची मुलं मालिकांत आहेत’ एवढंच उत्तर आलं तर तो अभ्यासक्रम मालिकांचा आहे असं समजा. त्यातही पोट भरतं, पण त्याच्यासाठी गळ्यावर तीन वर्षं घालवायची गरज नाही.

सगळं पटलं तरी एक दिवस राखून ठेवा. प्रयोगाला नको, साध्या तालमीला जा. मुलीला कोपऱ्यात बसवा आणि दोन तास बघू द्या. शिक्षक चूक कशी सुधारतात, पेटीवाला आहे की स्पीकर, तिसऱ्या रांगेतल्या मुलाकडे कुणाचं लक्ष आहे का, हे ती तुमच्याआधी ओळखेल. तालमीला बसू देत नसतील तर त्या कॉलेजचा अर्ज भरू नका.